आईने पानं पाहिली

गौरी जेवली, आमची जेवणं झाली, भांडी घासून पालथी पडली, की माझ्या माहेरी बायका पत्ते काढतात. पुरुषांचे पत्ते रात्री, जागरणाच्या नावाखाली. त्यात पैसे असतात, आरडाओरडा असतो आणि पहाटेपर्यंत त्यांना चहा करून देणारी कोणीतरी बाई असते. आमचे पत्ते दुपारचे. गणपतीसमोर सतरंजी घालून आम्ही चौघी तीन पत्ती खेळतो: आई, मावशी, वहिनी आणि मी. पैशांऐवजी चिंचोके. देवासमोर पैसा लावायचा नाही हा आईचा कायदा, आणि त्या घरात कायदे आईच करते.

शेवटचा डाव मागण्याचा. ज्यांना भीती वाटेल त्यांनी पानं टाकून मोकळं व्हायचं. शेवटी दोघी उरल्या की पानं उघडायची. जिंकलेलीने हरलेलीकडे एक गोष्ट मागायची, तीही संध्याकाळच्या आरतीआधी, गणपतीसमोर उभं राहून, आणि हरलेलीने ती पुढच्या गणपतीपर्यंत पाळायची. गावात बाकी कुठे ही पद्धत नाही. आईच्या सासूने ती काढली आणि पहिल्याच वर्षी सुनेकडून हरली, असं आई सांगते. मागितलं काय होतं ते मात्र सांगत नाही. वहिनीने एकदा मावशीकडून मागून घेतलं, की वर्षभर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नाहीत. मावशीने अक्षरशः पाळलं. वर्षभर ती वहिनीकडे डोळे मिटून जेवली.

मागच्या गणपतीत मी हा डाव जिंकायचाच असं ठरवून गेले होते. मला आई हवी होती. तिला तिच्या घरातून उचलून कोन गावी, माझ्या फ्लॅटमध्ये आणायचं होतं.

आईचं घर भिवंडीजवळ काल्हेरच्या बाजूला, खाडीकडच्या गावात. आजूबाजूच्या शेतांची गोडाऊन झाली, आमच्याही झाली. भावाने जमीन भाड्याने दिली आणि तो रस्त्याकडेच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेला. आई गेली नाही. आता तिच्या दारासमोर गोडाऊनचं गेट आहे आणि दिवसभर तिथे कंटेनर रिव्हर्स घेतात. उन्हाळ्यात ती मोरीत पडली. सकाळी पडली, आणि वहिनी दुपारी डबा घेऊन गेली तेव्हा सापडली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. इतका वेळ काय केलंस म्हणून मी ओरडले, तर म्हणाली, "काय करनार? परून राहिले. वर कोलिष्टकं झालीयत, काडाया पायजेत."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. तसाही माझा जीव कधी शांत नसतो. मी भिवंडीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. माझं काम म्हणजे दिवसभर ड्रायव्हरांना फोन करून "कहाँ पहुँचे?" विचारणं. ते म्हणतात, "मॅडम, पडघा आ गया." पडघा आला म्हणजे थोड्या वेळात गाडी गोडाऊनला लागायला हवी. लागत नाही, कारण तो इगतपुरीच्या ढाब्यावर खाटेवर पडलेला असतो. माणूस फोनवर खोटं बोलतो हे मी पगार घेऊन शिकलेली बाई आहे. आई फोनवर "जेवले" म्हणायची तेव्हा मला "पडघा आ गया" ऐकू यायचं.

म्हणून मी गेटवरच्या वॉचमनचा नंबर मिळवला. गोरखपूरकडचा माणूस, बोलायला गोड. "भैया, दरवाज़ा खुला है क्या?" "खुला है दीदी, अम्मा चाय पी रही हैं." की मला थोडा वेळ बरं वाटायचं. मग वाटायचं, चहा प्याली पण गोळी घेतली का? की पुन्हा आईला फोन. रांगेत उभी असले, भाजी चिरत असले, ऑफिसात साहेब समोर असला तरी.

बोलण्यात माझी बाजू भक्कम होती. माझ्याकडे लिफ्ट आहे. दवाखाना खाली उतरलं की समोर. मोरी नाही, साधी फरशी, तिच्यावर रबरी चटई. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्या गणपतीआधीच्या दिवाळीत मुलीला बंगळुरूला नोकरी लागली, म्हणजे खोली रिकामी, खाट रिकामी, अडचण कोणाचीच नाही. हे सगळं मी आईला कितीदा सांगितलं असेल. ती म्हणायची, "बघू." आईचं "बघू" म्हणजे नाही. पुढे काही बोलायला गेलं की ती विळी घेऊन बसते, आणि विळी घेऊन बसलेल्या बाईशी वाद घालू नये.

राहिला मागण्याचा डाव. त्यात माझ्या बाजूने एक गोष्ट होती. आई कधीच पानं बघत नाही. तीन पत्तीत तीन पानं वाटतात. बघून खेळायचं का न बघता, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आई पानं पालथीच ठेवते, वर हात ठेवते आणि चिंचोके टाकत राहते. "बघायची कशाला? बघून काय बदलनार हायत?" असं म्हणते. फक्त खेळ सोडायचा झाला की ती पानं उचलते, डोळ्यांजवळ नेते आणि टाकून देते. त्यामुळे आमच्या घरात 'आईने पानं पाहिली' याचा अर्थ आई डावातून गेली. मागण्याच्या डावात तर ती कधीच सोडत नसे, शेवटपर्यंत न बघता बसायची. म्हणजे मला फक्त चांगली पानं यायला हवी होती. ती अंधारात खेळणार, मी उजेडात.

त्या दुपारी मी सगळ्यांना वैताग आणला. पाणी प्यायला उठले, समईची वात सारखी केली, सतरंजीचा दुमडलेला कोपरा उलगडला, गौरीच्या पुढ्यातली फुलं इकडची तिकडे केली. मावशी पत्ते पिसत होती आणि मी उभीच.

"बस की गो येके ठिकानी," आई म्हणाली. "देव पन दमला तुला बघून."

बसले. मावशीने पानं वाटली. मी पहिलं उचललं, किल्वरचा राजा. दुसरं उचललं, बदामाचा राजा. मग तिसरं मी लगेच उचललंच नाही. बोट त्याच्यावर ठेवून गणपतीकडे पाहिलं. आणि उचललं तर चौकटचा राजा.

तीन राजे! तिन्ही पानं सारखी आली की त्याच्या वर काही नसतं. त्यातही राजांच्या वर फक्त तीन एक्के, आणि ते मी आयुष्यात कोणाच्या हातात पाहिलेले नव्हते. मुलीच्या खोलीतली खाट मी खिडकीजवळ सरकवली, आईची पेटी तिच्याखाली ठेवली, बाथरूमची फरशी पुसून कोरडी केली. हे सगळं पानं हातात धरून बसल्या बसल्या.

वहिनीने आपली पानं पाहिली आणि लगेच टाकली. "मला संसार आहे," म्हणाली. मावशीने एकदोनदा चिंचोके टाकले, माझ्या तोंडाकडे बघितलं, मग आईच्या तोंडाकडे, आणि तिनेही पानं टाकली. उरलो आम्ही दोघी. आईचा उजवा हात पालथ्या पानांवर. डावा, प्लास्टर निघाल्यापासून अजून ताठच, मांडीवर. मी चिंचोके टाकले. तिने टाकले. मी पुन्हा टाकले.

आणि आईने पानं उचलली.

ती आता सोडणार. ती सोडून गेली तर डाव माझा, पण मागणं नाही. पानं उघडली तरच मागता येतं. तीन राजे चुलीत. इतक्या वर्षांत जी बाई मागण्याच्या डावात पानांकडे बघत नाही तिला आजच कशी अक्कल सुचली? ताठ झालेल्या हाताने तिला पानं नीट पसरता येईनात. तिने ती एकेक करून डोळ्यांजवळ नेली, बघितली, पुन्हा एकावर एक ठेवली. मी मनात गणपतीला म्हणत होते, नको टाकू देऊस, नको टाकू देऊस.

आईने पानं टाकली नाहीत. चिंचोक्यांच्या डब्यात हात घातला आणि मूठभर काढून मध्ये ओतले.

घोडं गंगेत न्हालं! मला हसू आवरेना. म्हातारी घाबरवतेय मला. हातात काहीतरी सोम्यागोम्या आहे, आणि मी पळून जाईन म्हणून मूठ ओततेय. मी तेवढेच चिंचोके टाकले आणि म्हटलं, "उघड आई. शो."

"तू उघड आधी," ती म्हणाली.

मी तीनही राजे सतरंजीवर आपटले. वहिनीने तोंडावर हात मारला. मावशी माझ्या पाठीत धपाटा घालून ओरडली, "गेली गो तुजी आय कोनला!"

आई राजांकडे बघत होती. चांगली आहेत पानं, अशी मान हलवली तिने, खरंच कौतुकाने. मग आपलं एक पान ठेवलं. एक्का. मी बघितलं आणि हसतच राहिले, एक एक्का कोणाकडेही असतो. दुसरं ठेवलं. एक्का. तिसरं ठेवताना ते तिच्या ताठ बोटांतून निसटून सतरंजीबाहेर गेलं, आणि ते मीच उचलून आणलं. इस्पिकचा एक्का. माझ्याच हाताने मी तो त्या दोघांच्या शेजारी ठेवला.

"घ्या! शेरास सव्वाशेर," मावशी म्हणाली.

मला हरायचं दुःख झालं नाही, संताप झाला. काहीच नसताना हरलं तर माणूस उठून कामाला लागतो. हातात तीन राजे असताना हरलं तर वाटतं, कोणीतरी खिशातून काहीतरी काढून नेलं. "पत्ते कोणी पिसले होते?" मी विचारलं.

"मी पिसले. तुज्यासमोर पिसले," मावशी म्हणाली. "आता शपत घालतंस काय गनपतीची?"

"नीट पिसले होते का एवढंच विचारतेय."

"राजे आले तवा न्हाय इचारलंस नीट पिसले का!"

वहिनी उठून आत गेली आणि आतून तिचं हसणं ऐकू आलं. मी चप्पल घातली आणि बाहेर पडले. आरतीला वेळ होता आणि मला त्या घरात बसवेना.

बाहेर तरी कुठे जाणार? गल्लीच्या तोंडाशी कंटेनर आडवा लागलेला. त्याच्या बाजूने अंग चोरून मी गोडाऊनच्या भिंतीपर्यंत गेले, तिथून परत आले, पुन्हा गेले. आई काय मागणार ते मला लख्ख दिसत होतं. वर्षभर कोनचा विषय काढायचा नाही. झालं. म्हणजे मी वर्षभर तोंड शिवून बसायचं आणि एका दुपारी वहिनीचा फोन यायचा, डबा घेऊन गेले तर आई मोरीत. ते मी पाळणार नाही, असंही मी ठरवून टाकलं. देवासमोर हो म्हणेन आणि पाळणार नाही. देवाला आई नाही का?

गेटवर वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. मला बघून उठला. "दीदी, आज तो आप खुद ही आ गईं," म्हणाला. "रोज़ पूछती हैं ना, दरवाज़ा खुला है क्या? अम्मा सुबह दरवाज़ा खोलके हमको हाथ दिखाती हैं, हम इधर से हाथ दिखाते हैं. बोली हैं, जिस दिन हाथ नहीं दिखाया, अंदर घुस जाना, चप्पल भी मत उतारना."

"कब से?" मी विचारलं.

"जब से गिरी थीं."

म्हणजे तिने आपली व्यवस्था आपणच लावून ठेवली होती, आणि मला सांगितलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. मला आणखीच राग आला. माझ्याकडे जी जी पानं होती, ती एकेक करून कोणीतरी उलथी करून ठेवत होतं. मी पुन्हा भिंतीपर्यंत चालत गेले.

संध्याकाळी भाऊ आला, दिवे लागले, ताटात कापूर ठेवला. आई लुगड्याचा पदर सारखा करून गणपतीसमोर उभी राहिली. मी तिच्यासमोर, तोंड फुगवून. वय पन्नाशीच्या पुढे, पण आईसमोर तोंड फुगवायला वय लागत नाही.

"माग," मी म्हटलं. "पण आधी सांग, आज पानं का बघितलीस?"

"तू हलायची थांबलीस म्हनून," आई म्हणाली. "सकालपासून घरभर नुसती नाचत व्हतीस. पानं हातात आली आनि दगडासारखी बसलीस. म्हनलं, हिच्याकडं कायतरी मोठं हाय. आपलं बी बघू. वाईट असती तं टाकली असती, तुज्या हातात सापडले नसते."

मी हलत राहिले असते तरी तिच्याकडे तीन एक्केच होते, हे मला कळत होतं. पण त्याने काही फरक पडला नाही.

"माग आता," भाऊ म्हणाला. "कापूर उडून जाईल."

"वर्सभर मना कायच इचारायचं न्हाय," आई म्हणाली. "जेवलीस का, गोली घेतलीस का, दार उघडलंस का, कायच न्हाय. त्या वाचमनला बी फोन करायचा न्हाय. त्याचं नि माजं हाय, ते आमी बघू."

"म्हणजे फोनच करू नको?"

"कर की. रोज कर. पन तुजं सांग."

"माझं काय सांगायचंय?"

"तेच तं. पोर गेली दिवालीत, तवापासून तुजं काय चाललंय मना ठावं न्हाय. फोन करतंस, मना इचारतंस, ठेवून देतंस." मग बाकीच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "माज्या घरात मानूस न्हाय म्हनून तुला घोर लागत न्हाय गो. तुज्या घरात न्हाय म्हनून लागतो. मी येनार न्हाय असं कंदी म्हनले न्हाय. पन मी काय भांडं हाय, तुजी रिकामी फली भरायला?"

भावाने घंटी वाजवली. मावशीने सुरुवात केली, सगळे टाळ्या वाजवू लागले, मीही वाजवत होते. मला तिच्याशी भांडायचं होतं. खोटं आहे म्हणायचं होतं, रबरी चटईचं सांगायचं होतं, मोरीचं, मनगटाचं. एकही पान उरलं नव्हतं. कापराच्या उजेडात आई डोळे मिटून उभी होती, ताठ झालेला हात जमेल तसा दुसऱ्या हाताला लावून.

विसर्जन झाल्यावर मी कोनला परत आले. अंजूरफाट्याला रिक्षा अडकली ती अडकलीच. दोनदा मी मोबाईल काढून वॉचमनचा नंबर शोधला आणि परत ठेवला. घरी आले. पंखा लावला, टीव्ही लावला, बंद केला. पिशवीतून वहिनीने दिलेलं काढून फ्रिजमध्ये ठेवलं. गॅलरीतले कपडे काढले, घड्या घातल्या, एक घडी मनासारखी आली नाही म्हणून सगळ्या मोडून पुन्हा घातल्या. दिवेलागणीला आईला फोन लावला.

"बोल," आई म्हणाली.

जेवलीस का, हे अगदी ओठांवर आलं. ते गिळलं. मग गोळी आली, तीही गिळली. मग काहीच राहिलं नाही. पलीकडून कंटेनरचा रिव्हर्सचा आवाज येत होता, टीं टीं टीं, आणि आई वाट बघत होती. ड्रायव्हरांशी मी दिवसभर बोलते, पण कोणी मला उलट विचारलेलं नाही, मॅडम, आप कहाँ पहुँचे.

"मी उभ्याने जेवते," मी म्हटलं.

"हां."

"ओट्यापाशी. पातेल्यातूनच. ताट घेत नाही. पोरगी गेल्यापासून तिच्या खोलीचं दार लावून ठेवलंय. तुला तीच खोली देणार होते, पण मी स्वतः आत जात नाही. झाडायलाही जात नाही, आई. रविवारी जरा जास्तच..."

आईने बिचारी म्हटलं नाही, रडू नको म्हटलं नाही. ती म्हणाली, "थांब. तवा तापलाय, भाकरी टाकते. फोन ठेवू नको. ताट घे तू."

फोन तिने कुठेतरी ओट्यावर ठेवला असावा. परातीत पीठ मळल्याचा आवाज आला, मग तळव्याखाली भाकरी थापल्याचा, एका हाताचा जोरात आणि दुसऱ्या हाताचा हलका. मी ताट घेतलं. वहिनीने दिलेलं वाढलं, खुर्ची ओढली आणि बसले. पलीकडे भाकरी तव्यावर पडली. मी फोन कानाला धरून बराच वेळ हलले नाही.